पुढच्या सीटवरच्या नेर्लेकरकाकू

माझ्या गाडीत माझ्या बायकोची जागा मागे होती. भांडण वगैरे काही नाही. पुढची सीट नेर्लेकरकाकूंची होती, एवढंच. गाडी माझी, हप्ते माझे, आणि रविवारी सकाळी सहाला पार्किंगमध्ये उतरावं तर काकू आधीच पुढच्या दाराच्या हँडलला हात लावून उभ्या. खांद्याला पिशवी, हातात थर्मास, डोक्याला उन्हाची टोपी, आणि चेहऱ्यावर मीच उशीर केल्याचा भाव.

"स्नेहा, तू मागे बस गं. अर्णवला उलटी-बिलटी झाली तर आई जवळ हवी."

अर्णवला गाडी लागत नाही. कधीच लागली नाही. पण हे काकूंना सांगायची आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाची बिशाद नव्हती.

आमची बिल्डिंग अजमानची, शारजाच्या हद्दीला अगदी खेटून. मी शारजा इंडस्ट्रियल एरियातल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत पर्चेस बघतो. आठवडाभर नट-बोल्टवाल्यांशी आणि ट्रान्स्पोर्टवाल्यांशी डोकेफोड करायची, रस्त्यावरचा ट्रॅफिक खायचा, आणि एकच सुट्टी मिळते त्या दिवशी लोळायचं, एवढीच माझी अपेक्षा होती. ती नेर्लेकरकाकूंना मान्य नव्हती. त्या तिसऱ्या मजल्यावर, आम्ही चौथ्यावर. बिल्डिंगमधल्या चार-पाच मराठी घरांचा त्यांनी एक व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. त्यावर शनिवारी संध्याकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज यायचा. "उद्या खोरफक्कान. सहाला सगळे खाली. कोणी साडेसहाला उतरू नये, आम्ही निघून गेलेले असू. पुऱ्या माझ्याकडे, बटाट्याची भाजी स्नेहाकडे, लोणचं कोणी आणू नका, मागच्या वेळी सांडलं होतं." विचारणं नाही, काही नाही. स्नेहाला भाजी करायची आहे हे स्नेहाला ग्रुपवरून कळायचं.

नेर्लेकरकाका हमरिया फ्री झोनमध्ये एका रंगाच्या कारखान्यात लॅब सांभाळायचे. अत्यंत सज्जन आणि अत्यंत झोपाळू माणूस. तरुणपणी ते इथल्या ड्रायव्हिंग टेस्टला दोनदा नापास झाले आणि "खलास" म्हणाले. त्यानंतर जन्मभर कंपनीच्या बसने गेले-आले. म्हणजे काकूंकडे गाडी नाही, लायसन नाही, आणि फिरायची हौस एवढी दांडगी. मग दुसऱ्यांच्या गाड्या कशासाठी असतात?

बरं, बसायचं तर गप्प बसावं. छे. माझ्या फोनमध्ये मॅप लावलेला असायचा. त्यातली बाई म्हणायची, राउंडअबाउटला दुसरा एक्झिट घ्या. काकू म्हणायच्या, "तिचं काही ऐकू नकोस रे मंदार. तिला काय माहीत? तिसरा घे." मग ती बाई बिचारी रस्ता बदलून पुन्हा सांगायची आणि काकू पुन्हा खोडून काढायच्या. दोन बायकांच्या भांडणात मधे स्टिअरिंग धरून बसलेला मी. "लेन बदल. आता नको, ट्रक येतोय. आता बदल. गेला ना तो चान्स?" बोलता बोलता त्यांचा उजवा पाय खाली ब्रेक दाबायचा. त्या सीटपुढची चटई एका जागी खरोखर झिजली आहे, ज्याला खोटं वाटत असेल त्याने येऊन बघावं.

मागून काका मधेच जागे व्हायचे. "आलं का?" काकू म्हणायच्या, "झोपा." काका झोपायचे.

एकदा आम्ही हत्ताच्या धरणावर गेलो होतो. काकूंचं सावलीचं एक शास्त्र होतं. पोचल्यावर पहिला अर्धा तास कोणी पाण्याकडे बघायचंही नाही, आधी सावली ठरवायची. त्यांनी एक झाड पसंत केलं. सतरंज्या पसरल्या, डबे मांडले, सगळे बसले. पहिली पुरी तोंडात जाते तोच काकू म्हणाल्या, "उठा. दहा वाजता इथे ऊन येणार." ऊन यायला अजून पुष्कळ वेळ होता. पण उठलो. दुसऱ्या झाडाखाली मुंग्या निघाल्या. तिसरं झाड चांगलं होतं, पण तिथून गाड्या दिसत नव्हत्या. असं करत करत आम्ही सगळे, डोक्यावर डबे आणि काखेत सतरंज्या घेऊन, फिरून पुन्हा पहिल्या झाडाखाली आलो. आणि तिथे आता एक केरळी कुटुंब मजेत बसलं होतं. काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनीच सरकून आम्हाला जागा दिली. मुलं बोटीत बसायचं म्हणत होती. काकू म्हणाल्या, "आधी खाणं, मग बोट." मुलांना बोट मिळाली तेव्हा आम्हा मोठ्या माणसांच्या अंगातला जीव गेलेला होता. तिथल्या कॅफेत मी पाण्याची थंड बाटली घेतली तर त्यावरूनही ऐकून घ्यावं लागलं. "दहा दिरहॅम? म्हणजे जवळजवळ अडीचशे रुपये रे. पाण्याला?" आणि त्यांनी पिशवीतून कोमट पाणी काढून दिलं.

परत येताना मी अर्णवला म्हटलं, पुढच्या रविवारी आपण घरीच थांबू. तो म्हणाला, "नो बाबा. काकू सेड वी आर गोइंग टू सी द माउंटन." कार्ट्याला बाप कोण हे कळेनासं झालं होतं.

त्या माउंटनचीही एक कथाच आहे. जेबेल जैसला जायचं होतं, रस अल खैमाच्या डोंगरावर. रस्ता सरळ, बोर्ड जागोजागी. पण काकूंना कोणीतरी आतून जवळचा रस्ता आहे म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, "काकू, मोठ्या रस्त्याने जाऊ या ना." तर म्हणाल्या, "तुला लवकर पोचायचंय की नाही?" वळलो. मागून येणाऱ्या ग्रुपच्या दोन गाड्याही मुकाट्याने वळल्या. थोड्या वेळात डांबर संपलं. मग खडी आली, मग खडीचे ट्रक आले, मग धुळीत काहीच दिसेना. मॅपमधली बाईसुद्धा गप्प झाली, तिनेही हात टेकले. मी भयंकर चिडलो होतो. गाडी नवी होती, खालून खडी ताडताड लागत होती, आणि ही बाई शांतपणे, "अजून थोडं पुढे, अजून थोडं पुढे."

रस्ता संपला तो एका कुंपणापाशी. आत बकऱ्याच बकऱ्या, दोन उंट, आणि एक म्हातारा पठाण. काचा खाली करायच्या आत काकू उतरून त्याच्याशी हिंदीत बोलायलाही लागल्या. त्यांची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त जोरात. पण त्या म्हाताऱ्याला काय आवडलं कोण जाणे, त्याने सगळ्या पोरांना आत घेतलं. आदल्याच आठवड्यात व्यालेल्या बकऱ्या होत्या. त्याने दुधाच्या बाटल्या भरून मुलांच्या हातात दिल्या. अर्णव, जो घरात दुधाचा पेला बघून नाक मुरडतो, तो मांडीवर करडू घेऊन दोन तास बसला. आम्हाला काळा गोड चहा मिळाला. काकांनी तीन कप घेतले. डोंगर राहिलाच. घरी परतताना मी म्हटलं, "काकू, रस्ता चुकला होता आपला." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "मुलांना हेच दाखवायचं होतं."

आजही अर्णवला विचारलं की यूएईत सगळ्यात भारी काय बघितलंस, तर तो त्या करडाचं नाव सांगतो. त्याने त्याचं नाव ठेवलं होतं. याचा मला जास्तच राग येतो.

काकूंची एकुलती एक मुलगी मुग्धा. शारजातच वाढलेली, आता इंग्लंडमध्ये डेव्हन नावाच्या कौंटीत नर्स आहे. नवराही हॉस्पिटलातच, दोघांच्या शिफ्ट उलटसुलट. त्यांची चार वर्षांची मीरा. काका निवृत्त झाले की इथला व्हिसा रद्द होणार, मग सहा महिने डेव्हनला नातीजवळ राहायचं आणि नंतर ठाण्याला घरी जायचं, असं काकूंनी ठरवून टाकलं होतं. ठरवून टाकणं हा त्यांचा स्वभावच. आणि एकदा ठरल्यावर त्या गप्प कशा बसतील? आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून त्या डेव्हन अशा सांगायच्या जणू कालच जाऊन आल्या. कुठे वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी समुद्रापर्यंत जाते, कुठल्या शेतावर लहान मुलांना कोकरांना दूध पाजू देतात, कुठल्या किल्ल्यावर चढ आहे आणि कुठे बाबागाडी जाते. "त्या माळरानावर घोडी मोकळी हिंडतात बरं का, डार्टमूर म्हणतात त्याला. गाडी हळू चालवायला लागते. आणि डबा आपला न्यायचा, तिथे सॅण्डविचशिवाय काही मिळत नाही." फोनवर बघून बघून त्यांनी सगळा जिल्हा पाठ केला होता. मीराच्या प्रत्येक रविवारचं ठिकाण ठरलेलं होतं. मी म्हटलं, "काकू, तिथे सारखा पाऊस असतो." त्या म्हणाल्या, "म्हणून छत्री नेतेय."

मग एक दिवस मुग्धाचा फोन आला. आम्ही अल ऐनला निघालो होतो. काकूंनी तो स्पीकरवर घेतला, म्हणजे गाडीतल्या सगळ्यांनी ऐकायचाच. काकूंनी कोकरांचं सुरू केलं. मुग्धाने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग थकलेल्या आवाजात म्हणाली, "आई, लिसन. वुई लिव्ह इन अ व्हिलेज. देअर इज वन बस. वुई आर बोथ ऑन ड्युटी. विदाउट अ कार यू'ल जस्ट सिट ॲट होम. देन आय विल हॅव टू लुक आफ्टर मीरा अँड यू अँड बाबा. मेबी कम नेक्स्ट इयर, फॉर टू वीक्स."

वाईट बोलली नव्हती ती. खरं तेच बोलली. काकू म्हणाल्या, "बरं बरं. ठेव तू, रात्रपाळी चालू असेल तुझी." आणि फोन ठेवला.

पुढे रस्त्याला फाटा होता. मी सवयीने वाट बघत राहिलो की आता आवाज येईल, डावीकडे, उजवीकडे, काहीतरी. आवाज आलाच नाही. मी बघितलं तर काकू खिडकीबाहेर बघत होत्या, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून. फाटा मागे राहिला. मला फार वाईट वाटलं त्यांच्यासाठी.  मग काकू एकदम म्हणाल्या, "इथलं लायसन तिकडे चालतं ना रे?"

मी म्हटलं, "व्हिजिटला गेलात तर चालतं."

"मग काढते."

वय अठ्ठावन्न. काकांच्या निवृत्तीला जेमतेम वर्ष. व्हिसा रद्द झाला की टेस्ट देता येणार नाही, म्हणजे जे काय करायचं ते त्याच्या आत. आणि इथली टेस्ट म्हणजे भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. काका मागून म्हणाले, "अगं, कशाला?" काकू म्हणाल्या, "झोपा."

चालवायला त्या उत्तम शिकल्या. हे मला कबूल करावं लागतं. शिकवणारी मल्याळी बाई स्नेहाला म्हणाली होती, तुमच्या काकूंचा हात एकदम स्टेडी आहे. दोन खांबांच्या मधे गाडी लावणं, मागे घेणं, चढावर थांबवणं, सगळं पहिल्या फटक्यात पास. राहिली फक्त रस्त्यावरची टेस्ट. तिथे एक परीक्षक बाई शेजारी बसते, सांगते तसं चालवायचं, संपलं.

पहिल्यांदा नापास होऊन आल्या तेव्हा मी जिन्यातच विचारलं, काय झालं?

"तिने लेफ्ट सांगितलं."

"मग?"

"मग काय मग? सकाळची वेळ, लेफ्टला शाळा आहे, बसेसची ही लाइन असते. मी म्हटलं, मॅडम, लेफ्ट में अभी स्कूल का बस का लाइन होएगा, राइट लेती हूँ. आणि घेतलं राइट. व्यवस्थित इंडिकेटर देऊन घेतलं."

"आणि?"

"ती म्हणाली खलास, पार्किंग करो."

मी कपाळावर हात मारून घेतला. "काकू, तिला रस्ता सापडत नाही म्हणून ती तुम्हाला बोलावते का? तिला तुमचं ड्रायव्हिंग बघायचंय."

"ते राइटला पण दिसलं असतं."

दुसऱ्या वेळी तर त्यांनी कमालच केली. तिथे एका गाडीत दोघी-तिघी उमेदवार बसवतात, पाळीपाळीने चालवायचं. काकू मागे बसल्या होत्या, एक सुदानी मुलगी चालवत होती. मुलगी लेन बदलायला लागली. काकूंच्या तोंडून गेलंच. "इंडिकेटर! अरे बेटा, इंडिकेटर!" ती पोरगी इतकी दचकली की गाडी तिथेच बंद पडली. ती नापास. आणि परीक्षक बाईने वळून काकूंना सांगितलं, तुम्ही पण. स्टिअरिंगला हात न लावता, मागच्या सीटवर बसून नापास झालेली बाई मी दुसरी बघितली नाही.

त्यानंतर किती वेळा झालं ते त्यांना विचारायची सोय नव्हती. दर वेळी कारण तेच. परीक्षक बाई सांगणार, काकू दुरुस्त करणार. एकदा म्हणे ती बाई फोनवर बोलत होती, तर काकूंनी तिला सांगितलं, टेस्ट के टाइम फोन नहीं. मी, स्नेहा, काका, सगळ्यांनी हात जोडून सांगितलं. स्नेहा तर म्हणाली, "काकू, तोंडात बडीशेप धरून जा, पण बोलू नका." काकूंना ते पटायचं. खरोखर पटायचं. "नाही गं बोलणार," म्हणून जायच्या. आणि परत आल्या की जिन्यात चपलांचा आवाजच सांगायचा. काकांच्या निवृत्तीचं पत्र आलं. नंतर काकू टेस्टला जाताना आम्हाला सांगेनाशा झाल्या. एका संध्याकाळी मी त्यांना खाली पार्किंगमध्ये माझ्या गाडीजवळ उभ्या बघितलं. काचेतून आत स्टिअरिंगकडे बघत होत्या. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "टायरमध्ये हवा कमी आहे तुझ्या." आणि निघून गेल्या. डोळे लाल होते.

हवा खरंच कमी होती.

रविवार मात्र चुकले नाहीत. त्यातलाच एक कल्बाचा. तिथे खारफुटीच्या खाडीत छोट्या नावा मिळतात, आपण वल्हवायच्या. मुलं गेली, मोठेही गेले. काकू काठावर. आणि काठावरून ही बाई संपूर्ण दुपार, समोरून येणाऱ्या वाऱ्यात, प्रत्येक नावेला दिशा देत होती. "अर्णव, डावं वल्हं! डावं! मंदार, त्या झाडाजवळ जाऊ नकोस, चिखल आहे! स्नेहा, तू उलटी चाललीयस!" पाण्यावर बसलेले बगळेही शेवटी वैतागून उडून गेले. मी मुद्दाम नाव झाडांच्या आड नेली, तर तिथेही आवाज आला.

घरी पोचेपर्यंत काकूंचा घसा बसला होता. दुसऱ्या दिवशी आवाज पूर्ण गेला. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी आत कॅमेरा घालून बघितलं आणि सांगितलं, दोन आठवडे संपूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही. नाहीतर आवाज कायमचा बिघडेल. सांगायला संकोच वाटतो, पण ही बातमी बिल्डिंगमध्ये पसरली तेव्हा काही घरांत गोड झालं होतं.

आणि त्या दोन आठवड्यांत टेस्टची तारीख होती. व्हिसा रद्द व्हायच्या आधीची शेवटची. काकूंनी स्नेहाला फोनवर लिहून दाखवलं, "कॅन्सल करते. आवाज नाही." स्नेहा म्हणाली, "काकू, आवाज कशाला हवाय? डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा आणि बसा." काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं असावं. तरी त्यांनी लिहिलं, "तिने चुकीचं सांगितलं तर?"

"तर चुकीच्या रस्त्याने जा," स्नेहा म्हणाली.

त्या दिवशी मी ऑफिसात होतो. दुपारी ग्रुपवर एक फोटो आला. लायसनचा. फोटोतही काकू कॅमेऱ्याकडे बघून फोटो कसा काढायचा ते सांगताहेत असं वाटत होतं. संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी मुग्धाला व्हिडिओ कॉल लावला होता. बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसतं ते कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. पण अगदी चिकटवून धरलं, त्यामुळे पलीकडे नीट दिसत नव्हतं बहुतेक. मुग्धा म्हणत होती, "आई, व्हॉट इज दॅट? टू क्लोज, मूव्ह इट बॅक." काकांनी उठून काकूंचा हात धरून मागे घेतला. मुग्धाने वाचलं.  त्या मुलीला मी इतकी वर्षं स्पीकरवर ऐकत आलोय, आईशी ती कधी सरळ एक वाक्य मराठीत बोलली नाही.

"आई," ती म्हणाली, "ये तू. मीरा वाट बघतेय."

काकू तोंडावर पदर धरून रडल्या, आवाज न करता. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून नव्हे, आवाज नव्हताच.  पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. ग्रुपवर काकूंचा मेसेज होता, समोरच्या सोफ्यावर बसूनच पाठवलेला. "रविवारी सहाला सगळे खाली. मंदारची गाडी मी चालवणार."

मी खिशातून किल्ली काढून त्यांच्यापुढे ठेवली.

पुढचे सगळे रविवार मी माझ्याच गाडीत पुढच्या सीटवर, म्हणजे काकूंच्या जागी बसून काढले. काकू ट्रकांच्या लेनमधून ऐंशीच्या वेगाने जायच्या. मागून हॉर्न वाजले तरी हूं की चूं नाही. मौन संपलं होतं, आवाज परत आला होता, थोडा घोगरा. पण गाडी चालवताना त्या एक शब्द बोलत नसत. सगळं लक्ष रस्त्यावर. सांगायचं काम आता माझ्यावर आलं होतं, असं मला वाटायचं.

त्यांना विमानतळावर सोडायलाही माझीच गाडी. काकांचा व्हिसा रद्द, घर रिकामं, सामान आधीच गेलेलं. दुपारची फ्लाइट दुबईहून. चालवायला अर्थात काकू. "तिथे उतरल्यावर लगेच चालवायची आहे, हात बसलेला हवा." मी म्हटलं, "तिथे गाड्या डाव्या बाजूने चालतात." त्या म्हणाल्या, "मी ठाण्याची आहे." काका मागे झोपले. स्नेहा आणि अर्णवने बिल्डिंगखालीच निरोप घेतला होता. अर्णव रडला आणि इंग्रजीत म्हणाला की तो रडत नाहीये.

दुबईच्या हद्दीत ट्रॅफिक वाढला. समोर चार-पाच फाटे, वर बोर्डच बोर्ड. माझा जीव वर-खाली. एक मोठी बस शेजारून घासत गेली. मी म्हटलं, "काकू, लेन बदला. आता नको. आता बदला. अहो, तो एक्झिट..." माझा उजवा पाय त्या झिजलेल्या चटईवर दाबून बसला होता.

"गप्प बस रे मंदार," काकू समोर बघतच म्हणाल्या. "मला दिसतंय."

आणि त्यांनी अगदी बरोबर एक्झिट घेतला.

डिपार्चरच्या दारासमोर गाडी लावली. काका जागे झाले. "आलं का?" मी बॅगा उतरवून ट्रॉलीवर ठेवल्या. काकूंनी किल्ली माझ्या हातावर ठेवली, मग पिशवीतून पुऱ्यांचा डबा काढून तोही ठेवला. "रविवारी घरात लोळत बसू नका. पोरांना बाहेर काढा. आणि टायरची हवा बघ." मला बरंच काही बोलायचं होतं. इतक्या वर्षांचा वैताग, आभार, असं सगळंच. पण मागचा टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला, आणि मी नुसता वाकून नमस्कार केला. काकूंनी पाठीवर हात ठेवला आणि लगेच म्हणाल्या, "जा, जा, तिथे उभं राहू देत नाहीत."

गाडीत बसून मी आरशात बघितलं. काका ट्रॉली ढकलत आत निघाले होते. काकू काचेच्या दारापाशी थांबल्या होत्या, वळून, हात वर करून जोरजोरात हलवत. मला भरून आलं. मीही काच खाली करून हात बाहेर काढला आणि तेवढ्याच जोरात टाटा केला. डोळे पुसले आणि उजव्या लेनमधून निघालो.

ती लेन पार्किंगची होती. बाहेर पडायला जागा नाही, वर मजल्यावर मजले, शेवटी पूर्ण गोल फेरा मारून पुन्हा त्याच डिपार्चरच्या रस्त्याला लागलो. स्वतःवरच चरफडत होतो. आता त्या आत गेल्या असतील, चेक-इनच्या रांगेत एव्हाना कोणाला तरी दुसऱ्या रांगेत जायला सांगत असतील, असं मनात आलं आणि आतून रिकामं रिकामं झालं.

त्याच दारासमोर आलो. काकू तिथेच उभ्या होत्या. काका ट्रॉलीवर टेकून पेंगत होते. काकूंचा एक हात कमरेवर होता आणि दुसरा, पूर्ण ताठ, डावीकडे.

मी डावीकडे वळलो.